पेन्सिलीने लिहिलेलं 'का?'

छत्तीस वर्षं मी शाळेत मराठी आणि शिवण शिकवलं. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी मी अशा एका माणसाला माझा विद्यार्थी करून घेतलं, जो माझ्या वर्गात कधी बसलाच नव्हता. त्याने मला फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण त्याला फारसे कष्टच पडले नाहीत. फोनवर तो एवढंच म्हणाला, "बाई, ओळखलंत का? तुमचा विद्यार्थी." पुढचं सगळं मी केलं. "अरे, तू सावंत का रे? शेवटच्या बाकावरचा?" "हो बाई, सावंतच." "वडील एसटीत होते तुझे." "होते ना बाई, एसटीतच." नाव मी दिलं, बाक मी दिला, बापसुद्धा मीच दिला. वर घरी बोलावून आंबापोळी खायला घातली.

तेव्हा मी तशी लहानच होते, अडुसष्टची. आता बहात्तराव्या वर्षी अक्कल आली असा माझा दावा नाही. पण ती तेव्हाची साळवीबाई आज कुठे भेटली तर कान धरून तिला वर्गाबाहेर उभी करीन.

हे सगळं आठवतं ते सुर्वेबाईंमुळे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

मिरजोळ्याच्या रस्त्याला आमची सोसायटी. दोन इमारती, बहुतेक सगळे निवृत्त. जिन्यात कुणी भेटलं की आधी गुडघ्याची चौकशी, मग मुलांची. सुर्वेबाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सगळी नोकरी अलोऱ्याला एका सरकारी कचेरीत झालेली. रोजंदारीवर लागल्या, कायम व्हायला बरीच वर्षं गेली, आणि शेवटपर्यंत टेबल एकच: कर्मचाऱ्यांची आजारपणाची बिलं तपासायचं. उंच, सडसडीत बाई. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्या कानामागे पेन्सिल. चष्मे दोन: एक माणसांचा, एक कागदांचा. बोलता बोलता त्यांनी माणसांचा चष्मा काढून कागदांचा घातला आणि तो घालून तुमच्याचकडे पाहिलं, की समजायचं, आपल्या बोलण्यात काहीतरी खोट निघाली.

पेन्सिल असायची ती एकच शब्द लिहायला. कागद वाचताना जिथे पटलं नाही तिथे कडेला बारीक अक्षरात 'का?' असं लिहायच्या. खोडता यावं म्हणून पेन्सिल. "पण खोडायची वेळ फारशी आली नाही," असं म्हणायच्या. कचेरीतली त्यांची एक गोष्ट त्या अगदी कोऱ्या चेहऱ्याने सांगत. एका ओव्हरसियरने आईच्या मोतीबिंदूचं बिल लावलं, मंजूर झालं. पुढल्या वर्षी दुसऱ्या डोळ्याचं लावलं, तेही झालं. त्याच्या पुढल्या वर्षी परत एक आलं. बाईंनी कडेला लिहिलं, 'तिसरा डोळा. का?' ओव्हरसियर टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, नजरचुकीने झालं." बाई म्हणाल्या, "कुठल्या डोळ्याच्या?"

मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. बांगड्याचे कल्ले उघडायच्या, पोट दाबायच्या, डोळ्यात डोळा घालून बघायच्या, मग दुसऱ्या टोपलीकडे जाऊन तेच. एकदा एक कोळीण वैतागून म्हणाली, "गो बाय, मासा घेतस की सोयरीक बगतस?" सुर्वेबाई शांतपणे म्हणाल्या, "सोयरीक असती तर एवढं बघितलं नसतं. बघितलं नाही, म्हणून तर लग्न केलं नाही." कोळीण दोन मिनिटं विचारात पडली आणि तेवढ्यात बाईंनी भाव कमी करून घेतला. त्या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

त्यांना काही दिलं की पंचाईत. मी एकदा फणसाची भाजी घेऊन वर गेले. दार अर्धं उघडलं, आधी भाजीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय काम काढलंत?"

"अहो, काम कसलं? केली होती, म्हटलं द्यावी."

त्यांनी चष्मा बदलला.

"बरं, आहे एक छोटंसं," मी म्हटलं. "ह्यांच्या आणि माझ्या आरोग्य विम्याची पॉलिसी आहे. जरा वाचून द्याल का?"

"आता भाजी घेते," असं म्हणून त्यांनी वाडगा घेतला.

पॉलिसी वाचणं हे त्यांचं सोसायटीतलं काम होऊन बसलं होतं. कुणी नेमलं नव्हतं. ज्याच्या घरी विम्याचा कागद येई, तो वर जाई. बाई चार-चार दिवस ठेवून घेत आणि आधी शेवटचं पान वाचत. "पहिल्या पानावर हसरं म्हातारं जोडपं असतं," म्हणायच्या. "ते दोघं का हसतायत ते शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं." परत देताना कडेला चार-पाच 'का?' असायचे आणि तोंडी सूचना: हे विचारा, ते लेखी घ्या, फोनवर बोललेल्याला काही अर्थ नाही. चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.

आणि इथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. मी शिक्षिका. वर्गात जो मुलगा न सांगता फळा पुसायला उठतो त्याच्या खिशात काय आहे ते आधी बघायचं, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. चहाही न घेता ही बाई दोन इमारतींच्या पॉलिस्या का वाचते? मी भजनी मंडळात हळूच म्हटलं, "कमिशन मिळत असणार. नाहीतर एवढी उठाठेव कोण करतं?" मंडळातल्या बायकांनी टाळ थांबवून ऐकलं. त्या दिवशी भजन लवकर आटपलं.

संशय घ्यायला त्यांनी आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही तो त्यांच्यावरच घेत होतो. त्यांचा मात्र सगळ्यांवर असे. एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये कुणीतरी फुकट साखर तपासायचं शिबिर लावलं. आम्ही सगळे बोटं पुढे करून रांगेत उभे. शिबिरवाला बोट टोचायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा, फोन नंबर घ्यायचा. सुर्वेबाईंची पाळी आली, त्यांनी बोट पुढे केलं आणि टोचायच्या आत मागे घेतलं.

"हा आकडा कुठे जाणार?"

"आजी, तुमच्यासाठीच आहे तो."

"माझ्यासाठी आहे तर मला चिठ्ठीवर द्या. रजिस्टरात कशाला?"

शिबिरवाला हसला. त्याच्याबरोबर मीही हसले, जरा जोरातच. पंधरा दिवसांत आम्हा सगळ्यांना मधुमेहाच्या पावडरी विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. सुर्वेबाईंना एकही आला नाही.

असो. तर आमच्या विम्याचं असं झालं. हे मिरजोळ्याच्या वसाहतीत एका कारखान्यात होते. पेन्शन नाही, घरात पेन्शन ती माझी. त्याच्या चार वर्षं आधी ह्यांच्या छातीत स्टेंट बसला होता. त्याचा खर्च जुन्या पॉलिसीने उचलला, म्हणून घर उभं राहिलं. त्यानंतर हप्ता दरवर्षी वाढतच होता. त्या वर्षी ह्यांना सत्तर पूर्ण झाली आणि पत्र आलं की वयोगट बदलल्यामुळे हप्त्यात बदल झाला आहे. जणू आम्ही मुद्दाम वय वाढवलं होतं! आकडा माझ्या पावणेदोन महिन्यांच्या पेन्शनचा होता. हे पत्राकडे बघून म्हणाले, "एवढ्यात मी नवीन येईन." हे एरवी दिवसातून चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक असं.

त्याच आठवड्यात तो फोन आला. सावंत घरी आला, चाळिशीचा, नीटनेटका, वाकून पाया पडला. आंबापोळी दोनदा मागून घेतली. म्हणाला, "बाई, काळजी सोडा. जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून देतो. सगळे फायदे जसेच्या तसे, हप्ता निम्मा." मग त्याने टॅबवर फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, वय. मग विचारलं, "बाई, आजार काही?"

आता हे ऐका. आमच्याकडे आजारी कोण, तर जो अंथरुणाला खिळलाय तो. जो सकाळी उठून दूध आणतो, तो आजारी नाही. मी म्हटलं, "मला साखरेची गोळी चालू आहे. ह्यांना स्टेंट आहे, रक्त पातळ व्हायची गोळी आहे. पण आजार असा काही नाही रे, देवाच्या कृपेने."

"मग 'नाही' लिहितो," तो म्हणाला.

"लिही," मराठीच्या बाई म्हणाल्या.

ओटीपी आला, तोही मीच वाचून दाखवला, स्पष्ट उच्चारात.

नवीन पॉलिसीचं जाड पाकीट आलं. जुनीचा हप्ता मी भरला नाही. तारीख उलटून गेली. पाकीट टेबलावर पडलेलं. वर न्यायचा प्रश्नच नव्हता, कमिशनवालीला कशाला दाखवायचं? पण एके दिवशी सकाळी सुर्वेबाई माझा वाडगा परत करायला खाली आल्या. त्यांना पाकीट दिसलं. मांजराला मासा दिसावा तसं. विचारलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, चष्मा बदलला, शेवटचं पान उघडलं. मी चहा टाकायला आत गेले. आले तेव्हा कडेला दोन 'का?' होते.

"मागच्या पॉलिसीचा नंबर लिहायची जागा रिकामी आहे. हे पोर्ट नव्हे. ही कोरी करकरीत नवीन आहे. जुनं सगळं बुडालं, पहिल्यापासून सुरुवात."

"असं कसं? तो माझा विद्यार्थी आहे."

"आणि हे. आजार, 'नाही'." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. तिथे हे पेपर वाचत होते. "साळवीबाई, ह्यांच्या छातीत बसवलंय तो काय दागिना आहे?"

"अहो, पण आता ठणठणीत आहेत."

"गोळ्या मग हौसेच्या घेतात का? उद्या परत छातीत दुखलं आणि ॲडमिट केलं, तर हॉस्पिटल मागचे कागद मागणार. कंपनी म्हणणार, तुम्ही लपवलंत. छदाम मिळायचा नाही."

माझे हातपाय गार पडले. आणि माणसाचे हातपाय गार पडले की तोंड गरम होतं. मी म्हटलं, "तुम्हाला एवढं काय पडलंय हो? तुमचं कमिशन बुडालं का?"

आतल्या पेपरची सळसळ थांबली. सुर्वेबाईंनी पेन्सिल कानामागे ठेवली. मग जुन्या पॉलिसीचं पत्र मागितलं, त्यावरची तारीख बघितली, बोटांवर दिवस मोजले.

"नवीन पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. जुनीचा हप्ता चुकला तरी आणखी तीस दिवस भरता येतो, भरला तर जुनं सगळं चालू राहतं. तुमची शेवटची तारीख शुक्रवार. आज सोमवार आहे." आणि उठून गेल्या. चहा तसाच.

मी सावंतला फोन लावला. आधी "कोण बाई?" मग ओळख पटली. पॉलिसी परत करायची म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. मी विचारलं, "सावंत, आपल्या शाळेच्या पटांगणात कसलं झाड होतं रे?"

"आंब्याचं ना, बाई. त्याच्याखाली किती खेळलोय."

आमची शाळा कातळावर. पटांगणात उभ्या आयुष्यात एक झाड जगलं नाही. प्रार्थनेला मुलं उन्हाने भोवळ येऊन पडायची. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या आंब्याकडे बघत बसले.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात सुर्वेबाई. हातात त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज. 'विषय: पॉलिसी परत करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...' खाली माझ्या सहीची जागा. माझ्याशी त्या नजर मिळवत नव्हत्या. ह्यांना म्हणाल्या, "साळवी, त्यांना म्हणावं, सही करून चला. रिक्षा थांबवलीय."

विमा कंपनीच्या शाखेत काउंटरवर एक गृहस्थ होते. अर्ज वरवर बघून म्हणाले, "ईमेल करा."

"करणार आहोत. ह्याची पोच द्या," सुर्वेबाई.

"आजी, हल्ली पोच देत नाहीत."

"शिक्का आहे का?"

"शिक्का आहे."

"शाई आहे का?"

"आहे, पण..."

"मग अडतंय कुठे?"

ते म्हणाले, साहेबांना विचारावं लागेल, साहेब जेवायला गेलेत. सकाळचे साडेदहा वाजले होते. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. आम्ही दोघी अडीच तास बसलो आणि एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सुर्वेबाई तेवढं विचारायच्या, "तुम्हाला पोच दिली का हो?" तिसऱ्या गिऱ्हाइकाने परत जाऊन पोच मागितली. चौथ्यानेही. मग साहेब जेवून आले.

शिक्का बसला. जुन्या कंपनीच्या कचेरीत बुधवारी गेलो. ह्यांनी एक ठेव मोडली आणि तो पावणेदोन महिन्यांचा आकडा भरला. तिथेही बाईंनी पावती उलट-सुलट बघितली. त्यावर खंड न पडता पॉलिसी चालू असल्याचं लिहिलं होतं, ते मला बोट ठेवून दाखवलं. तिथे कडेला काही लिहिलं नाही.

मी माफी मागायला हवी होती. पण खरं सांगते, माझा संशय पुरता गेला नव्हता. मी ह्यांना म्हटलं, "जुन्या कंपनीकडून मिळत असेल." ह्यांनी त्या दिवसाचं चौथं वाक्य वापरलं. ते मी इथे लिहीत नाही.

त्या पावसाळ्यात ह्यांना परत दुखलं. कोल्हापूरला नेलं, पाच दिवस ठेवलं, जुन्या पॉलिसीने सगळं बिल भागवलं. घरी आल्यावर मी वाडगाभर खीर घेऊन वर गेले. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळपासून नाहीत, असं अधूनमधून होतं. मी खीर घेऊन खाली आले.

दोन महिन्यांनी मी भजनी मंडळातल्या एकीच्या सुनेला बघायला सिव्हिल हॉस्पिटलात गेले होते. ओपीडीच्या व्हरांड्यातून जाताना बाकावर सुर्वेबाई दिसल्या. हातात केसपेपर. पाय सुजून चपलांच्या पट्ट्यांबाहेर आलेले. समोर पन्नासेक माणसांची रांग. पहिल्यांदाच त्या कागद वाचत नव्हत्या, नुसता मांडीवर धरून बसल्या होत्या.

मी शेजारी बसले.

"इथे कशा?"

"रांगेत."

"अहो, पण एवढी पॉलिसी असताना..."

"कुणाची?"

त्या समोर बघत सांगू लागल्या, कुणाचं तरी बिल वाचून दाखवावं तशा. एकटीच्या पेन्शनीत हप्ता दरवर्षी बसवत होत्या. मग त्यांच्याही वयोगटाचं पत्र आलं. स्वस्तातली एखादी मिळेल म्हणून शोधत राहिल्या, जुनीचे ते वरचे तीस दिवस उलटले. त्यानंतर मूत्रपिंडाचं निघालं. प्रत्येक फॉर्मवर त्यांनी खरं लिहिलं आणि प्रत्येक कंपनीने नाही म्हटलं.

"म्हणून तुम्हाला तो शुक्रवार पाठ होता," मी म्हटलं.

"माझा शनिवार झाला होता."

रांग दोन माणसं पुढे सरकली. मी त्यांचा हात धरला. तो हात त्यांनी लगेच काढून घेतला नाही. त्यांच्या मानाने ते पुष्कळ झालं. मी म्हटलं, "सुर्वेबाई, मी तुमच्यावर संशय घेतला. सगळीकडे सांगत फिरले, कमिशन मिळतं म्हणून. तुमच्या तोंडावरही बोलले."

त्यांनी चष्मा बदलला नाही. माणसांचाच होता, त्यातूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं काही अगदीच चुकलं नव्हतं हो, साळवीबाई. फुकट नव्हते वाचत मी. म्हटलं, एवढ्या सगळ्यांच्या पॉलिस्या आहेत, एखादीत तरी माझ्यासारखीला घेतात असं लिहिलेलं असेल."